काचपट्टी कोण वाचणार?

फराळाच्या ताटाशेजारी उघडायच्या अंकात कर्करोगाचा विषय कशाला, असे कोणीही विचारील. माझे उत्तर असे की, घरातली बायकामंडळी नि पुरुषमंडळी एके ठिकाणी, एके वेळी आणि भरल्या पोटी सापडतात ती याच चार दिवसांत. बायकांच्या अंगावरून काय जाते हे एरवी कोणी विचारीत नाही, आणि त्याही सांगत नाहीत.

मी व्यवसायाने पॅथॉलॉजिस्ट. म्हणजे रोग्याला न पाहता त्याचा रोग पाहणारी डॉक्टर. तीस वर्षे डोंबिवलीहून सकाळची लोकल धरून मुंबईला गेले आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून गर्भाशयाचे नि बीजकोशांचे तुकडे तपाशीत बसले. या तीस वर्षांत स्वतःच्या गावातल्या किती बायकांच्या काचपट्ट्या पाहिल्यास, असे कोणी विचारले तर मला मान खाली घालावी लागेल.

आमच्या मागच्या गल्लीत एक काकू राहत. दिवाळीत त्यांच्याकडून अनारशांचा डबा हमखास यायचा. एका वर्षी जवळच्या सभागृहात स्त्रियांचे मोफत तपासणी शिबिर भरले. मांडव झाला, फलक लागले, पाहुण्यांना शाल-नारळ मिळाले. चाळीसेक बायकांच्या गर्भाशयमुखावरील पेशी काचपट्ट्यांवर घेतल्या गेल्या. त्यांत काकूंच्याही होत्या. पण त्या काचपट्ट्या वाचायला कोणी तरी लागते, हे मात्र आयोजकांच्या ध्यानात आले नाही! पेटी कुणाच्या तरी कपाटात पडून राहिली. काकूंनी दोनदा चौकशी केली. ‘काही असते तर कळवले असते,’ असे उत्तर मिळाले, आणि त्या निर्धास्त झाल्या. दोन वर्षांनी, पाळी केव्हाच गेलेल्या त्या बाईच्या अंगावरून रक्त जाऊ लागले, तेव्हा रोग तिसऱ्या अवस्थेत होता. मी दोनशे पावलांवर राहत होते. मला कोणी विचारले नाही हे खरे. पण मी तरी कुठे विचारले होते?

तपासणी मुळीच न झालेली बाई निदान मनातून धास्तावलेली असते. अर्धवट तपासणी झालेलीची ती धास्तीही आपण काढून घेतो. म्हणून माझे पहिले म्हणणे शिबिरवाल्यांना आहे: लेखी अहवाल देण्याची आणि पुढच्या उपचाराची सोय नसेल तर कृपा करून शिबिर भरवू नका.

हा रोग चोरपावलांनी येतो खरा, पण फार सावकाश येतो. ह्यूमन पॅपिलोमा विषाणूमुळे तो होतो, हे दाखवणाऱ्या हाराल्ट झुर हाउसेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पेशी बिघडू लागल्यापासून कर्करोग होईपर्यंत बहुधा दहा-पंधरा वर्षे जातात, आणि तेवढ्या अवधीत तो वाटेतच अडवता येतो. पेशी पाहून तो ओळखण्याची रीत डॉ. पापानिकोलाऊ यांनी १९४३ साली ग्रंथरूपाने मांडली. तरीही २०२२ या एका वर्षात भारतात सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांना हा रोग झाला आणि सुमारे ऐंशी हजार दगावल्या, असा जागतिक अंदाज आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या शंभर बायकांमागे धड दोघींचीही ही तपासणी झालेली आढळली नाही.

‘आपला देश गरीब, हे आपल्याला कसे झेपणार?’ असे म्हणणाऱ्यांनी मुंबईकडे पाहावे. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून तिथल्या झोपडपट्ट्यांत शिकवून तयार केलेल्या साध्या आरोग्यसेविका पाठवल्या. सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल, म्हणजे आपले व्हिनेगरच, लावून नुसत्या डोळ्यांनी तपासायचे. एवढ्यावर या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात विषाणूची तपासणी एकदाच केली, तर मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. तो निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला.

मग पॅथॉलॉजिस्ट हवा कशाला? पांढरा डाग दिसला म्हणजे रोग ठरला असे नव्हे. तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावाचून साधी सूज कोणती आणि कर्करोग कोणता, हे सांगता येत नाही. चुकून ‘आहे’ म्हटले तर बाईचे गर्भाशय विनाकारण जाते. चुकून ‘नाही’ म्हटले तर बाईच जाते.

म्हणून दुसरे म्हणणे माझ्या व्यवसायबंधूंना आणि भगिनींना. ठाण्यापासून कल्याणपर्यंत आपण कितीतरी जण राहतो. महिन्यातली एक दुपार द्या. कळव्याला महापालिकेचे वैद्यकीय महाविद्यालय आहे, कल्याणला रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीला शास्त्रीनगर रुग्णालय आहे. तिथे जाऊन विचारा: अवघड काचपट्टीवर दुसरे मत हवे आहे का? शिकणाऱ्या मुलामुलींशेजारी बसू का? निवृत्तीने खुर्ची गेली, डोळा काही गेला नाही.

यावर कोणी म्हणेल, हे काम सरकारचे. अगदी खरे! पगारी जागा भरल्याच पाहिजेत, आणि आमची फुकट सेवा ही त्या रिकाम्या ठेवण्याची सबब होता कामा नये. पण ती जागा भरेपर्यंत काकूंनी थांबायचे का? रोग तर थांबत नाही. सेवा फुकट असली तरी जबाबदारी पुरी हवी: अहवालाखाली सही हवी, वहीत नाव हवे, आणि निरोप बाईच्या हाती पोचल्याची खातरी हवी.

कल्याणच्या घरात वाढलेल्या आनंदीबाई जोशी यांचे नाव आपण अभिमानाने घेतो. त्यांचे पहिले मूल दहा दिवसांत गेले. १८८३ साली बंगालमधल्या श्रीरामपूरच्या सभेत त्यांनी सांगितले की, हिंदुस्थानला स्त्री डॉक्टरांची गरज आहे, म्हणून मी अमेरिकेला जाते. १८८६ साली पदवी घेतली आणि पुढच्याच वर्षी, बाविशीच्या आत, त्या वारल्या. त्यांना सेवेला एक वर्षही मिळाले नाही. आम्हाला तीस-तीस वर्षे मिळाली!

आता घरच्यांसाठी शेवटचे. भाऊबीजेला बहिणीला साडी जरूर द्या. पण तिशी उलटली असेल तर तपासणीला नेण्याचा शब्दही ओवाळणीत टाका. आणि ती तपासून आली की, ‘झाली का तपासणी?’ एवढ्यावर थांबू नका. अहवाल कुठे आहे, ते विचारा. काकूंना हे विचारणारे कोणी नव्हते. अनारशांचा तो डबा अजून माझ्या फडताळात आहे. परत करायचा राहून गेला.