आधी उपटा, मग लावा

यंदाच्या अंकात बेटांवरच्या जंगलांचा विभाग करायचं ठरलं, तेव्हा पहिलं नाव निघालं मॉरिशसचं. एकोणिसाव्या शतकात कोकणातली माणसं तिथे ऊसमळ्यांवर मजूर म्हणून गेली. त्यांच्या पतवंडांच्या घरी आजही दिवाळीचे दिवे लागतात. त्या बेटावर डचांनी एबनीच्या लाकडासाठी कुऱ्हाड चालवली, पुढे बरंचसं रान साखरेनं गिळलं. बऱ्यापैकी शाबूत असं मूळचं जंगल आता दोन टक्क्यांहूनही कमी उरलंय.

या उरल्यासुरल्या रानाला आज कुऱ्हाडीपेक्षा पेरूचा धाक जास्त. बोराएवढा, लालचुटूक, आंबटगोड 'चिनी' पेरू. नाव चिनी, मूळ ब्राझीलचं! हंगामात लोक हौसेनं तोडायला जातात. पण तो इतका दाट माजतो की खालच्या देशी रोपांना ऊनच मिळत नाही. माकडं, रानडुकरं फळं खातात आणि बिया पसरवत फिरतात. म्हणून ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानात जंगल परत आणायचं तर आधी कुंपण घालावं लागतं, पेरू काढावा लागतो. तो पुन्हा फुटतो, पुन्हा काढायचा. या कामाचं उद्घाटन करायला कुणी मंत्री येत नसावा.

शेजारच्या इल-ओ-एग्रेत या २६ हेक्टरांच्या बेटावर वेगळीच गंमत. मॉरिशसची महाकाय कासवं कधीच नामशेष झाली. त्यांच्या जागी अल्डाब्रा बेटांवरची कासवं आणून सोडली. ती एबनीची फळं खातात आणि विष्ठेतून पडलेल्या बिया मूळ झाडापासून लांब रुजतात. माळ्याचं काम कासवावर!

मॉरिशसचा खरुची, म्हणजे केस्ट्रेल हा शिकारी पक्षी, १९७४ मध्ये रानात चारच उरला होता. पक्षीसंवर्धक कार्ल जोन्स आणि सहकाऱ्यांनी घरट्यातली अंडी काढून उबवली, मादीनं पुन्हा अंडी घातली, आणि पक्षी शेकड्यांत गेला. तरी २०१४ मध्ये त्याला परत संकटग्रस्तांच्या यादीत टाकावं लागलं. पक्षी वाढवले, पण त्यांना पुरेल एवढं रान कुठे आहे?

आपल्याकडे दर पावसाळ्यात वृक्षारोपणासाठी खड्डे खणतात, फोटो निघतात, ऑस्ट्रेलियन बाभूळ आणि गिरिपुष्प अशा परक्या झाडांनी आकडे भरतात. पुढच्या जूनमध्ये कुणी रोप हातात दिलं, तर वाचकहो, दोनच गोष्टी विचारा: हे झाड इथलंच का, आणि पुढची काही वर्षं याच्याभोवतीचं तण कोण काढणार?