दारात आलेल्या उमेदवाराला काय विचारावे?



हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा मिरजेच्या गल्ल्यांतून प्रचाराच्या रिक्षा फिरत असतील. १५ जानेवारीला सांगली, मिरज आणि कुपवाड शहर महानगरपालिकेचे मतदान आहे आणि १६ तारखेला मोजणी. राज्यातल्या २९ महापालिकांचे मतदान त्याच दिवशी आहे. आपल्या महापालिकेच्या सदस्यांची मुदत ऑगस्ट २०२३ मध्ये संपली. तेव्हापासून जवळजवळ अडीच वर्षे कारभार प्रशासकाकडे होता. पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे असे राज्यघटना सांगते. तरीही आरक्षणाच्या आणि प्रभागांच्या वादात राज्यभर निवडणुका अडकल्या. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२६ पर्यंत त्या उरका असे बजावले, तेव्हा कुठे हा दिवस आला.

आम्ही शिक्षकी पेशातले. निवडणुकीत आम्हाला मतदान केंद्रावर ड्युटी लागते. त्यामुळे कोणाला मत द्या हे आम्ही सांगणार नाही. उमेदवार दारात आल्यावर त्याला काय विचारावे, एवढेच या महिन्यात सांगायचे आहे.

या अडीच वर्षांत आपल्याला एक गोष्ट कळली. नगरसेवक नसतानाही घंटागाडी येत होती, नळाला पाणी येत होते, दाखलेही मिळत होते. अधिकारी आणि कर्मचारी कामे करत होते, हे मान्य केले पाहिजे. पण गटार तुंबले, पथदिवा महिनाभर बंद राहिला, नळाला गढूळ पाणी आले की कोणाला गाठायचे हा प्रश्न होता. पूर्वी रात्री दहा वाजताही नगरसेवकाचे दार वाजवता येत असे. आता अर्ज लिहा, त्याची पोच घ्या, मग साहेब केव्हा भेटतात याची चौकशी करा. ज्यांना लिहिता-वाचता येते त्यांचे निभावले. रोजंदारीवर जाणारी बाई एका अर्जासाठी किती दिवस कामावर खाडा करणार?

म्हणून गल्लीतल्या कामांना आम्ही क्षुल्लक म्हणत नाही. ‘नगरसेवकाला गटार सोडून दुसरे काय कळते’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. मिरजकरांनी तरी तसे म्हणू नये. २०१४ च्या अखेरीस आपल्या शहरात गॅस्ट्रोची साथ आली होती. घरोघरी आजारी माणसे होती, काही दगावलीही. पिण्याच्या पाण्याच्या जुन्या, गळक्या वाहिन्या आणि त्यांच्या शेजारून वाहणारी गटारे यांचे नाते तेव्हा मिरजेतल्या प्रत्येक आईला कळले. गटार ही आपल्या चुलीपर्यंत येणारी गोष्ट आहे.

पण प्रचारात गल्लीच्या पुढचे कोणी बोलत नाही, ही खरी अडचण आहे. पत्रके पाहा. इथे पेव्हिंग ब्लॉक बसवले, तिथे हायमास्ट दिवा लावला, अमुक चौकात बाकडी ठेवली. दारात आल्यावर ‘भाभी, ध्यान में रखो’, ‘काकू, तुमचाच मुलगा आहे’ असे म्हणून हात जोडले जातात आणि मंडळी पुढच्या दाराकडे वळतात. जी कामे डोळ्यांना दिसतात, फोटोत येतात, तीच सांगितली जातात.

आता शेरीनाल्याचे उदाहरण घ्या. सांगलीचे सांडपाणी या नाल्यातून कृष्णेत मिसळते. ते उचलून धुळगावकडे नेण्याची योजना आखली गेली. तिची चर्चा आपण वर्षानुवर्षे ऐकतो आहोत. नदी सांगलीकडून मिरजेकडे वाहत येते आणि आपण कृष्णेचेच पाणी पितो. म्हणजे नाला सांगलीचा असला तरी त्याची काळजी मिरजेच्या आईनेही करायची आहे. पण मिरजेतला कोणता उमेदवार त्यावर मत मागतो? त्याच्या प्रभागात तो नाला येत नाही. कचऱ्याचेही तसेच. घंटागाडी आपल्या दारातून कचरा घेऊन गेली की आपण मोकळे. पुढे बेडग रस्त्यावरच्या डेपोत त्याचे काय होते, हा प्रश्न त्या बाजूच्या लोकांच्या डोक्यावर टाकून आपण झोपतो.

असे प्रश्न सभागृहात सुटतात, गल्लीत नव्हे. म्हणून सभागृहाचे काम कसे चालते ते थोडक्यात समजून घेऊ. आपल्या महापालिकेत २० प्रभाग आणि ७८ सदस्य आहेत. हे सगळे मिळून महासभा होते. त्यांच्यातून १६ जणांची स्थायी समिती निवडली जाते. मोठ्या खर्चाचे आणि ठेक्यांचे प्रस्ताव तिच्यापुढे येतात. आयुक्त वर्षाचे अंदाजपत्रक तयार करतात. ते आधी स्थायी समितीकडे आणि मग महासभेकडे जाते. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये हे काम चालते. घरपट्टी-पाणीपट्टीचे दर, कोणत्या कामाला किती पैसा, कोणते काम पुढच्या वर्षावर ढकलायचे, हे सगळे तेव्हा ठरते. ज्या कामाला अंदाजपत्रकात पैसा नाही, ते काम भाषणात कितीही वेळा झाले तरी रस्त्यावर होत नाही. या वेळी निवडून येणाऱ्यांची पहिली परीक्षा निकालानंतर दोन महिन्यांच्या आत आहे.

सभागृहात काय घडेल हे मतदानाच्या दिवशी कळत नाही, हेही लक्षात असू द्या. २०१८ च्या निवडणुकीत ७८ पैकी ४१ जागा भारतीय जनता पक्षाला मिळाल्या होत्या. तरी २०२१ च्या फेब्रुवारीत राष्ट्रवादीचे दिग्विजय सूर्यवंशी महापौर झाले, कारण काही मते फिरली. ते बरे झाले की वाईट, यावर प्रत्येकाचे मत वेगळे असेल. पण मतदाराने दिलेला शब्द आणि सभागृहात वर गेलेला हात यांत अंतर पडू शकते. म्हणून मत दिल्यावरही लक्ष ठेवावे लागते.

आता मतदान केंद्रावरची एक गोष्ट. बहुतेक प्रभागांत चार सदस्य आहेत, काहींत तीन. म्हणजे प्रत्येकाला चार किंवा तीन बटणे दाबायची आहेत. पुष्कळ जण, विशेषतः घरातली वयस्कर मंडळी, ओळखीच्या एका चिन्हासमोरचे बटण दाबून निघायला लागतात. सगळ्या जागांसाठी बटण दाबल्याशिवाय मतदान पुरे होत नाही. एखाद्या जागेवर कोणीच पसंत नसेल तर ‘नोटा’चे बटण आहे. हे घरी अम्मी-दादींना आधीच समजावून सांगा. तिथे रांग असते आणि गोंधळ उडतो.

निम्म्या जागा, म्हणजे ७८ पैकी ३९, स्त्रियांसाठी राखीव आहेत. याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. पण प्रचारात पत्रकावर फोटो बाईंचा, फोन नंबर त्यांच्या पतीचा आणि दारात बोलणारे त्यांचे दीर, असे पुष्कळ ठिकाणी दिसते. आपण भगिनींनी अशा वेळी नम्रपणे म्हणावे, ‘आम्हाला आपांशीच बोलायचे आहे.’ आपल्या गल्लीत पाण्याची वेळ काय, नळ किती वाजता येतो, हे त्यांना विचारावे. घरात पाणी भरणाऱ्या बाईला याचे उत्तर कोणी शिकवावे लागत नाही. तिला बोलू दिले तर ती सभागृहातही बोलेल.

शाळांचेही असेच आहे. महापालिकेच्या मराठी आणि उर्दू शाळांत गरिबांची मुले शिकतात. वर्गाचे छत, मुलींचे स्वच्छतागृह, पिण्याच्या पाण्याची टाकी, या गोष्टी महापालिकेच्या पैशातून व्हायच्या असतात. पण एकाही पत्रकावर आम्हाला शाळेचे नाव दिसले नाही. मुलांना मत नाही, हे त्याचे साधे कारण आहे. मग त्यांच्या वतीने त्यांच्या आई-वडिलांनी विचारायला नको का?

म्हणून दारात येईल त्याला, तो जातीचा, जमातीचा, नात्याचा किंवा कोणत्याही पक्षाचा असो, एवढे विचारा:

१. आमच्या गल्लीचे जे काम तुम्ही सांगता, त्याला पैसा कुठून येणार? येत्या अंदाजपत्रकात तुम्ही ते घालणार का?
२. नदीचे पाणी, कचरा डेपो आणि शाळा यांवर महासभेत तुम्ही काय मांडणार?
३. निवडून आल्यावर महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी लोकांना भेटणार का?

उत्तर वहीत लिहून घ्या, तारीख टाका. लिहून घेतले की बोलणाऱ्याचा स्वर आपोआप बदलतो. एकटीने विचारायला संकोच वाटत असेल तर गल्लीतल्या चार बायका मिळून विचारा. निकालानंतर सभेचे ठराव आणि अंदाजपत्रक माहितीच्या अधिकारात मागता येते. अर्जाला दहा रुपये लागतात आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. नववी-दहावीतल्या मुलांना हा अर्ज लिहायला लावा. नागरिकशास्त्राचा धडा त्यांच्या कायमचा लक्षात राहील.

पैशाविषयी एकच सांगतो. मत ही गवाही आहे, असे आपल्या घरांतली वडीलधारी मंडळी सांगत आली. गवाही विकणाऱ्याला आपण काय म्हणतो? पाकीट घेणाऱ्याला पुढची पाच वर्षे तुंबलेल्या गटारासमोर उभे राहून विचारायला तोंड राहत नाही. समोरचाही मनात म्हणतो, यांचा हिशेब तर चुकता केला आहे.

निवडून आलेल्या माणसाच्या हाती सगळ्या शहराची अमानत असते, आणि ती सोपवणारे आपण आहोत. १५ तारखेला सकाळीच मतदान उरकून घ्या, घरातल्या मोठ्यांना सोबत न्या. आणि ती वही मात्र रद्दीत घालू नका. मार्चमध्ये अंदाजपत्रकाची सभा होईल तेव्हा ती लागणार आहे.