टीव्हीला स्टिक घेताना



एप्रिल-मे महिन्यात आमच्या देवगडमधून हापूसच्या पेट्या मुंबईकडे निघतात, आणि त्याच दिवसांत मुंबई, दुबई, कुवेत, कतारला असलेली आपली माणसे सुट्टीवर घरी येतात. त्यांच्या बॅगेत अत्तर, खजूर, दुधाच्या पावडरीचे डबे असतात. हल्ली त्यात एक नवी वस्तू असते. टीव्हीच्या मागे खोचायची बोटभर लांबीची स्टिक, किंवा तळहातावर मावेल एवढा बॉक्स. मुलगा ती जोडून देतो, दोन-चार दिवस सगळे घर टीव्हीपुढे बसते. महिनाभराने तो कामावर परत जातो. मग एके दिवशी पडद्यावर पासवर्ड मागितला जातो. पासवर्ड कुवेतला आणि टीव्ही देवगडला! दादी रिमोट बाजूला ठेवून देते आणि मुले पुन्हा आपापला मोबाइल घेऊन वेगवेगळ्या कोपऱ्यांत जाऊन बसतात.

म्हणून कोणती स्टिक चांगली, असे कुणी विचारले की आम्ही आधी विचारतो, घरात रिमोट कोणाच्या हातात राहणार आहे? पैसे देणारा एक असतो आणि वापरणारे दुसरे. निवड वापरणाऱ्यांकडे बघून करायला हवी.

आधी गरज पाहू या

स्टिकचे काम साधे आहे. घरच्या वाय-फायवरून यूट्यूब, नेटफ्लिक्स, जिओहॉटस्टार यांसारखी ॲप ती टीव्हीवर आणते. गुगलने 2013 साली क्रोमकास्ट आणले. ॲमेझॉनची फायर टीव्ही स्टिक 2017 मध्ये भारतात आली. आता बहुतेक नव्या टीव्हींमध्ये ही सोय आतच असते. तुमच्या टीव्हीवर हवी ती ॲप नीट चालत असतील, तर स्टिक घेणे म्हणजे फुजूल खर्च.

टीव्ही जुना असेल तर गोष्ट वेगळी. काही वर्षांनी जुन्या स्मार्ट टीव्हीवर ॲप चालेनाशी होतात. डिसेंबर 2019 पासून सॅमसंगच्या काही जुन्या टीव्हींवर नेटफ्लिक्स बंद झाले, ते असेच. अशा वेळी चांगला चालणारा टीव्ही मोडीत काढण्यापेक्षा साधारण तीन ते सात हजारांची स्टिक परवडते. फक्त टीव्हीच्या मागे एचडीएमआय पोर्ट आहे ना, ते पाहून घ्या. लाल, पांढऱ्या आणि पिवळ्या पिनांच्या जुन्या डब्याच्या टीव्हीला स्टिक सरळ बसत नाही, मध्ये कन्व्हर्टर लागतो.

स्टिकचेही वय होते, हे लक्षात ठेवा. गुगलने 2024 मध्ये क्रोमकास्ट बनवणे थांबवले. मार्च 2025 मध्ये दुसऱ्या पिढीची क्रोमकास्ट जगभर एकाएकी बंद पडली, कारण तिच्या आतल्या एका डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली होती. कंपनीने काही दिवसांत दुरुस्ती पाठवली. तरी स्वस्तात मिळते म्हणून चार-पाच वर्षे जुने मॉडेल घेऊ नये, एवढा धडा त्यातून घ्यावा.

नेटचा हिशेब

स्टिकची किंमत एकदाच द्यावी लागते, नेटचे पैसे दर महिन्याला. नेटफ्लिक्सच्याच माहितीप्रमाणे एचडी चित्र तासभर पाहिले तर 3 जीबीपर्यंत डेटा लागतो आणि 4के चित्राला 7 जीबीपर्यंत. मोबाइलचा रोज दीड किंवा दोन जीबीचा रिचार्ज असेल तर हॉटस्पॉटवर एक तासही पुरा होणार नाही. रोज दोन तास एचडी पाहिले तर महिन्याला 180 जीबीपर्यंत आकडा जातो. म्हणजे घरात फायबरचे किंवा तसेच दुसरे जोडणीचे नेट नसेल, तर आधी त्याची चौकशी करा आणि मग स्टिकची.

वेगाची मात्र फार चिंता नको. फुल एचडीला 5 एमबीपीएस आणि 4केला 15 एमबीपीएस पुरतात. महागडा प्लॅन घेण्याचे कारण नाही. टीव्ही स्वतः 4के नसेल तर 4केची महाग स्टिक घेऊनही चित्र तेवढेच दिसणार. 32 इंचांचे बहुतेक टीव्ही एचडी असतात. त्यांना साधी स्टिक पुरते.

आमच्या भागात आणखी एक अडचण आहे, ती चिऱ्याच्या भिंतींची. जांभ्याच्या जाड भिंती उन्हाळ्यात घर थंड ठेवतात, पण वाय-फायलाही अडवतात. राउटर माजघरात आणि टीव्ही ओटीवर असेल तर चित्र अडकत अडकत चालते, आणि दोष स्टिकला दिला जातो. राउटर टीव्हीच्याच खोलीत ठेवावा. ते शक्य नसेल तर वाय-फायच्या दोन नावांपैकी 2.4 गिगाहर्ट्झचे निवडावे. 5 गिगाहर्ट्झ वेगवान असते, पण भिंतीपलीकडे लवकर मंदावते. स्टिकला वीजही टीव्हीच्या यूएसबीमधून न देता सोबत आलेल्या ॲडॅप्टरने द्यावी. यूएसबीची वीज अपुरी पडली की स्टिक मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू होत राहते.

आखातातून आणावी का?

आणता येते, पण तीन गोष्टी पाहून. दुबई, कुवेत, कतारमध्ये ॲडॅप्टरच्या तीन पिना चपट्या असतात, त्या आपल्या सॉकेटमध्ये बसत नाहीत. इथला ॲडॅप्टर किंवा पिन बदलणारा सॉकेट लागेल. दुसरे, तिथल्या खरेदीची हमी इथे चालते का, ते दुकानातच विचारावे. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आपल्या माणसाने तिथे भरलेल्या वर्गणीवर घरचा टीव्ही चालेल, या भरवशावर राहू नये. नेटफ्लिक्सने जुलै 2023 पासून भारतातही एक खाते एकाच घरासाठी, असा नियम लावला आहे. प्राइम व्हिडिओनेही 2025 पासून एका खात्यावर टीव्हींची संख्या दोनवर आणली. तेव्हा देवगडच्या टीव्हीसाठी खाते घरातल्याच कुणाच्या तरी मोबाइल नंबरवर उघडावे, म्हणजे ओटीपी घरातच येईल.

‘सगळे फुकट’वाला बॉक्स

बाजारात आणि ऑनलाइन एक बिननावाचा बॉक्स मिळतो. एकदा पैसे भरा, सगळे सिनेमे आणि सगळे चॅनेल आयुष्यभर फुकट, अशी त्याची जाहिरात असते. हा बॉक्स घरात आणू नका, असे आम्ही स्पष्ट सांगतो. फुकट दाखवलेला माल चोरीचा असतो, हे एक. दुसरे याहून गंभीर आहे. अशा काही बॉक्समध्ये कारखान्यातूनच घातक सॉफ्टवेअर भरून येते. त्याच्या एका मोठ्या जाळ्याला बॅडबॉक्स असे नाव आहे. डिसेंबर 2024 मध्ये जर्मनीच्या सायबर सुरक्षा संस्थेने अशी सुमारे 30,000 उपकरणे बाहेरच्या चोरट्यांपासून तोडली. जून 2025 मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने लोकांना सावध केले, आणि जुलैमध्ये गुगलने हे जाळे चालवणाऱ्यांवर दावा केला. त्यात सापडलेल्या उपकरणांची संख्या एक कोटीहून अधिक होती. आपल्या घरच्या नेटवरून कोणी परका फसवणुकीचे उद्योग करत असतो आणि आपल्याला पत्ताही नसतो. त्याच वाय-फायवर आपण बँकेचे व्यवहार करतो.

ओळखायचे कसे? बॉक्स सुरू करताना गुगलची सुरक्षा बंद करायला सांगितले, किंवा ॲप कुठल्या तरी अनोळखी ठिकाणाहून उतरवायला सांगितले, की तो परत करावा. नावाजलेल्या कंपनीचा, पक्क्या बिलाचा माल घ्यावा.

मुले आणि पिन

शिक्षक म्हणून आमचे मत असे आहे की, मुलाने हातातल्या मोबाइलवर एकट्याने पाहण्यापेक्षा ओटीवरच्या टीव्हीवर सर्वांदेखत पाहिलेले बरे. पण टीव्ही सर्वांदेखत आहे म्हणून जबाबदारी संपत नाही. फेब्रुवारी 2021 च्या केंद्र सरकारच्या नियमांनुसार अशा ॲपवरील सिनेमे-मालिकांना यू, यू/ए 7+, यू/ए 13+, यू/ए 16+ आणि ए असे वयाचे शिक्के आहेत, आणि 13 वर्षांपुढच्या कार्यक्रमांना कुलूप लावण्याची सोय देणे कंपन्यांना बंधनकारक आहे. कुलूप मात्र आपणच लावायचे असते. पिन लावा आणि तो मुलाच्या जन्मतारखेचा ठेवू नका. यूट्यूबवर लोकांनी टाकलेल्या व्हिडिओंना हे शिक्के नसतात. लहान मुलांसाठी तिथे यूट्यूब किड्स वेगळे आहे.

दादीची परीक्षा

दुकानातून स्टिक घेताना किंवा घरी जोडल्यावर एक परीक्षा जरूर घ्या. घरातल्या सर्वांत वयस्कर व्यक्तीच्या हाती रिमोट द्या आणि काही न सांगता पाहा. टीव्ही सुरू करणे, आवाज वाढवणे आणि घराच्या चित्राचे बटण दाबून मागे येणे, एवढे त्यांना एका रिमोटने जमले पाहिजे. टीव्हीचा एक आणि स्टिकचा दुसरा असे दोन रिमोट झाले की गोंधळ वाढतो. म्हणून आवाजाचे आणि टीव्ही चालू-बंदचे बटण असलेलाच रिमोट निवडावा. माइकचे बटण असेल तर आणखी सोपे. अक्षरे शोधत बसण्यापेक्षा दादी हिंदीत नाव सांगेल. मोबाइलशिवाय चालत नाही असे उपकरण वयस्करांच्या घरी देऊ नये.

ही परीक्षा दोन-तीनदा घेऊनही जमले नाही तर खट्टू होऊ नका. ज्या घरात फक्त बातम्या, सह्याद्री आणि जुने सिनेमे पाहिले जातात, तिथे दूरदर्शनची फ्री डिश पुरेशी आहे. 2004 पासून ती चालू आहे. छत्री आणि सेटटॉप बॉक्स एकदा घेतला की महिन्याचे भाडे नाही, पासवर्ड नाही. जोराच्या पावसात थोडा वेळ चित्र जाते, एवढे सोसावे लागते. कमी खर्चाची वस्तू दिली म्हणून आईवडिलांवरची माया कमी होत नाही.

स्टिकच घेतली असेल तर परत कामावर निघणाऱ्याने एक काम करून जावे. कागदावर मोठ्या अक्षरांत वाय-फायचा पासवर्ड, खाते कोणाच्या नंबरवर आहे, वर्गणी कधी संपते, आणि चित्र अडकले तर काय करायचे ते लिहावे. आधी स्टिकचा प्लग काढून मिनिटभराने लावायचा, मग राउटरचा. विजा चमकू लागल्या की टीव्ही, स्टिक, राउटर, सगळ्यांचे प्लग काढायचे, हेही त्यात लिहावे. पिन मात्र त्या कागदावर नको, तो फक्त घरातल्या मोठ्यांना सांगावा. कागद घरातल्यांच्या भाषेत लिहा, उर्दू किंवा मराठी, जी त्यांना वाचता येते ती. आणि टीव्हीशेजारच्या कपाटाला आतून चिकटवून मगच बॅग उचला.