माझगावचे जहाज आणि वऱ्हाडचा वाटा

१५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत ‘सुरत’ व ‘निलगिरी’ या युद्धनौका आणि ‘वागशीर’ ही पाणबुडी अशी तीन जहाजे एकाच समारंभात नौदलात दाखल झाली. तिन्ही माझगाव गोदीतील कामगारांच्या हातची. त्याच हंगामात गुरुकुंज मोझरीच्या आसपासचा शेतकरी लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ७५२१ रुपये हा सरकारी हमीभाव तरी पदरात पडावा म्हणून खरेदी केंद्रापुढे गाड्या लावून उभा होता. मोझरीपासून माझगाव सातशे किलोमीटरांच्या आसपास. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध पैशाचा आहे. ही जहाजे ज्या तिजोरीतून बांधली जातात तिच्यात मोझरीचा शेतकरी आणि तिवशाचा शेतमजूर डिझेल, कापड, साबण आणि काडेपेटीवरच्या करातून रोज भर घालीत असतो.

ही रक्कम लहानसहान नाही. २००५ मध्ये सहा पाणबुड्यांचा करार झाला तो १८ हजार ७९८ कोटींचा. २०११ मध्ये चार विनाशिकांचे काम माझगावला मिळाले, ते २९ हजार कोटींच्या वरचे. ‘निलगिरी’ वर्गाच्या सात फ्रिगेटींचा प्रकल्प, ज्यातील चार माझगावात व तीन कोलकात्यात बांधायच्या ठरल्या, सुमारे ४५ हजार कोटींचा. आणि २४ सप्टेंबर २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने जहाजबांधणीसाठी ६९ हजार ७२५ कोटींची योजना मंजूर केली. एवढा सार्वजनिक पैसा एका उद्योगात जात असताना तो कोणत्या भूभागात मुरतो, हा प्रश्न विचारणे हे देशद्रोहाचे लक्षण नव्हे.

येथे एक गैरसमज प्रथमच दूर केला पाहिजे. जहाजे नकोत, संरक्षणावरचा खर्च वाया, असे सोपे उत्तर समाजवादी कार्यकर्त्याला देता येणार नाही. माझगाव गोदी सरकारने १९६० साली ताब्यात घेतली आणि १९७२ साली तिने पहिली ‘निलगिरी’ नौदलाला दिली. तो सार्वजनिक क्षेत्राचा विजय होता. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, त्यांच्या जमिनींवर मनोरे उठले, तेव्हाही मुंबई बेटावर हजारो कुशल कामगारांना काम देत जे थोडे कारखाने तगले त्यांत ही गोदी होती. तिच्यातील १५ टक्क्यांहून अधिक भाग सरकारने २०२० मध्ये शेअरबाजारात विकला आणि पुढे आणखी विकला. ज्यांना या विक्रीत काही वावगे वाटत नाही, त्यांनीच उद्या वऱ्हाडच्या मागणीला ‘प्रादेशिक संकुचितपणा’ म्हटले तर नवल नाही.

तर प्रश्न जहाजाचा नसून त्याच्या मोलाचा आहे. जहाजाचा सांगाडा समुद्राकाठीच उभारावा लागतो, यात वाद नाही. परंतु युद्धनौकेच्या किमतीतला फार मोठा हिस्सा गोदीच्या बाहेर तयार होतो. पोलाद, नळ्या, झडपा, पंप, केबली, दारे, बिछाने, स्वयंपाकघराची भांडी. यांपैकी कशाला खारे पाणी लागते? सात फ्रिगेटींच्या प्रकल्पाविषयी सरकारी निवेदन अभिमानाने सांगते की, दोनशेहून अधिक लघु व मध्यम उद्योगांना काम मिळाले, सुमारे ४ हजार प्रत्यक्ष आणि १० हजारांहून अधिक अप्रत्यक्ष रोजगार निर्माण झाले. हे दोनशे उद्योग कोणत्या जिल्ह्यांत आहेत, ते मात्र निवेदनात नाही.

कारखाने सोयीच्या जागी आपोआप उभे राहतात, त्याला सरकार काय करणार, असे यावर उत्तर मिळते. हे उत्तर इतिहासाला धरून नाही. युद्धनौकांचे खास पोलाद भिलाई, बोकारो, राउरकेला येथील सरकारी कारखान्यांत तयार होते. भिलाईहून मुंबईला निघालेली मालगाडी नागपूर, वर्धा, धामणगाव, बडनेरा, अकोला अशी वऱ्हाडच्या अंगणातून जाते. भिलाई मुंबईपेक्षा अमरावतीला कितीतरी जवळ. तरीही पन्नाशीच्या दशकापासून १९९२ पर्यंत भाडेसमानीकरणाचे धोरण असे होते की, पोलादाचा भाव बडनेऱ्याला आणि मुंबईला एकच. जवळ असण्याचा जो नैसर्गिक लाभ विदर्भाला मिळायचा तो सरकारने कलमाच्या एका फटकाऱ्याने काढून घेतला, आणि यंत्रोद्योग मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्यात एकवटण्यास साहाय्य केले. कापसाला असले समानीकरण कधी लाभले नाही. १८६७ साली नागपूरला पोचलेला हा लोहमार्ग वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरात व तेथून लँकेशायरला नेण्यासाठी टाकला गेला. स्वातंत्र्यानंतर त्याच रुळांवरून पोलादही थांबा न घेता पुढे गेले.

समुद्राची जवळीक किती आवश्यक असते याचे उत्तर वालचंदनगर देते. इंदापूर तालुक्यातले हे कोरडवाहू मुलखातले गाव साखर कारखान्याच्या आधाराने वाढले, आणि तेथील यंत्रशाळेचा ‘कामोर्ता’ वर्गाच्या युद्धनौकांच्या गिअरबॉक्समध्ये वाटा आहे. विदर्भातही अंबाझरी, भंडारा, भद्रावती येथे साठीच्या दशकात आयुधनिर्माणी कारखाने आले ते बाजाराच्या ओढीने आले नाहीत. सरकारने आणायचे ठरवले म्हणून आले. २०१८ मध्ये केंद्राने दोन संरक्षण उत्पादन पट्टे जाहीर केले, त्यांपैकी एकात बुंदेलखंडाला स्थान मिळाले. बुंदेलखंडाला शक्य ते वऱ्हाडला अशक्य का, याचे उत्तर अमरावती-अकोल्याच्या लोकप्रतिनिधींनी द्यावे.

दांडेकर समितीने १९८४ मध्ये महाराष्ट्राचा अनुशेष सुमारे ३१८६ कोटींचा काढला आणि त्यातील ३९ टक्के विदर्भाच्या नावे लिहिला. त्यानंतर १९९४ मध्ये वैधानिक मंडळे आली, २०२० मध्ये त्यांची मुदत संपली. या सर्व काळात अनुशेष मोजला गेला तो रस्ते, सिंचन, वीज, शाळा यांचा. केंद्राच्या खरेदीचा अनुशेष कोणी मोजलाच नाही, आणि मोठा पैसा तर तेथेच आहे.

उपाय कायद्याच्या चौकटीत उपलब्ध आहे. २०१२ च्या सार्वजनिक खरेदी आदेशानुसार केंद्रीय उपक्रमांनी वार्षिक खरेदीचा ठराविक हिस्सा, आता २५ टक्के, सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यावयाचा असतो. त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि ३ टक्के महिलांच्या उद्योगांसाठी राखलेले आहेत. शस्त्रप्रणाली या हिशेबातून वगळल्या आहेत, ते समजण्यासारखे आहे. पण मागास जिल्ह्यांसाठी एक टक्काही राखलेला नाही. जातीच्या आणि स्त्रियांच्या बाबतीत जो न्याय मान्य झाला तोच प्रदेशाच्या बाबतीत मान्य करण्यास तत्त्वतः अडचण कोणती? उद्योजक तयार नाहीत, दर्जा साधणार नाही, ही तक्रार खरी आहे. परंतु मागणीची हमी नसेल तर नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीत दर्जेदार यंत्रशाळा कोण काढील? पुणे पट्ट्यातले कारखानदारही सरकारी मागणीच्या आधारानेच शिकले.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज उभारले आणि ‘ग्रामगीते’त गावच्या हातांना गावातच उद्योग मिळावा हा आग्रह धरला. त्यांच्या पुण्यतिथीला येथे लोटणाऱ्या जनसमुदायात आयटीआय झालेला फिटर किंवा वेल्डर असलेला मुलगा ज्या घरात नाही असे घर आता विरळा. यांतला एखादा माझगावपर्यंत पोचतोही. पण गोदीच्या जाहिराती पाहिल्या तर फिटर, वेल्डर, पाइप फिटर या जागा ठराविक मुदतीच्या कंत्राटावरच्या असतात. मुदत संपली की मुंबईतील खोलीचे भाडे आणि गावाकडची पेरणी यांपैकी काय सोडायचे, एवढाच विचार त्याच्यापुढे उरतो. जहाजबांधणीचे काम दहा-दहा वर्षे चालते. कामगार तीन वर्षांचा का?

पुढल्या पाणबुड्यांच्या वाटाघाटी २०२५ मध्ये सुरू झाल्या आहेत. परदेशी भागीदाराकडून तंत्रज्ञान किती मिळणार यावर दिल्लीत घासाघीस होते, ती योग्यच आहे. त्याच घासाघिशीत सुट्या भागांपैकी काही हिस्सा मागास जिल्ह्यांत बनला पाहिजे आणि कायम कामाला कायम कामगार असला पाहिजे, ही दोन कलमे घालण्यास आज वेळ आहे, करारावर सह्या झाल्यावर राहणार नाही. वऱ्हाडातील पक्षशाखांनी आपापल्या खासदाराकडे माझगाव गोदीच्या गेल्या पाच वर्षांतील खरेदीची जिल्हावार यादी संसदेत मागण्याची लेखी मागणी करावी, आणि ती यादी हाती पडताच तिवसा, मूर्तिजापूर, बडनेरा येथील सभांत ती जशीच्या तशी वाचून दाखवावी.