नाहीतर गुरं राखशील!

मराठी घरांतल्या सगळ्यात वाईट वाक्याची स्पर्धा लावली, तर माझं मत ठरलेलं आहे. "अभ्यास कर, नाहीतर गुरं राखशील!" एका दमात आजोबांचा, काकांचा आणि बिचाऱ्या गुरांचाही अपमान. आणि हे सगळं मायेनं म्हणायचं!

मी पोशीरचा. भातखाचरं, नदी आणि 'एकदा नेरळ स्टेशन गाठलं की सुटलो' ही समजूत, एवढ्या भांडवलावर वाढलो. १९८९ साली दहावीला होतो. रविवारी सकाळी टीव्हीवर महाभारत चालायचं. अर्जुनाला फक्त पोपटाचा डोळा दिसायचा, घरच्यांना फक्त माझे मार्क. वयात येणं वगैरे प्रकार परीक्षेनंतर, असा आमच्याकडे नियम होता. मिसरूडसुद्धा परवानगी घेऊनच फुटलं.

मार्क बरे पडले, म्हणजे सायन्स. "तुला काय आवडतं?" हा प्रश्न फक्त ताटावर बसल्यावर विचारायचे. १९८३ मध्ये वसंतदादांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली, तेव्हापासून 'डोनेशन' हा शब्द घरोघरी पोचला होता. आमच्याकडे देण्यासारखी एक म्हैस होती. ती वाचली, मी डिप्लोमाला गेलो.

पुढे खोपोलीला एका कारखान्यात रात्रपाळी. तो बंद पडला. मग कॉम्प्युटरचा क्लास, मग वर्षानुवर्षं नेरळ ते व्हीटी. (१९९६ ला तिचं सीएसटी झालं, २०१७ ला सीएसएमटी. उभ्यानं जाणं तेच.) आणि आज? जनावरांच्या कानातल्या बिल्ल्यावर बारा आकडी नंबर असतो ना, त्या नोंदींचं काम कॉम्प्युटरवर करतो. म्हणजे इतकं शिकून शेवटी गुरंच राखतोय. फक्त शेण काढावं लागत नाही.

आता हसणं पुरे. आमच्याच तालुक्यात, कर्जतला, भात संशोधन केंद्र आहे. 'कर्जत ३', 'कर्जत १८४' ही बियाणी तिथली. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे. भातावर संशोधन करून माणूस डॉक्टरेट मिळवतो, हे मला वयाच्या तिशीत कळलं. दहावीत कोणी का सांगितलं नाही? कारण शेती हा विषय नव्हताच, ती शिक्षा होती!

कुणी म्हणेल, शेतीत पैसा नाही, म्हणून आईबाप घाबरवतात. मान्य. तुकडे लहान, पाऊस लहरी, भाव पडलेले. मग तेच सांगा ना! हिशोब मांडा, पोराला कळेल. लाज वाटायला लावणं म्हणजे मार्गदर्शन नव्हे. लाजेचा परिणाम आमच्याकडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दिसतो. जमिनी विकल्या, फार्महाऊसं उभी राहिली, आणि काही ठिकाणी ज्यांची खाचरं होती त्यांचीच पोरं गेटवर वॉचमन आहेत. शहरातले लोक शनिवार-रविवार येऊन तिथे हौसेनं वांगी लावतात, फोटो काढतात. त्यांना मात्र कोणी म्हणत नाही, "गुरं राखशील!"

तेव्हा आत्या, काका, मामा, समस्त नातेवाईक मंडळी, निकालाच्या दिवशी फोन कराल तेव्हा टक्के विचारा हवं तर. पण भाच्या-पुतण्यांना भीती घालायची असेल, तर दुसरं काहीतरी शोधा. माझं उदाहरण दिलंत तरी चालेल.