एक्स्चेंजची जागा कुणाच्या बापाची?

दरवर्षी असे फोटो झळकतात. परदेशी विद्यापीठाशी करार झाला, कुलगुरूंनी सही केली, शाल-श्रीफळ झाले. काही महिन्यांनी दुसरा फोटो येतो: चार-पाच विद्यार्थी 'स्टुडंट एक्स्चेंज'साठी परदेशी रवाना. बातमीत एक ओळ हमखास असते, 'तिथली फी पूर्ण माफ'. वाचणाऱ्याला वाटते, फुकट आहे म्हणजे कुणालाही जाता येत असेल. ही शुद्ध थाप आहे.

आधी ही फी 'माफ' होते म्हणजे काय होते ते समजून घ्या. आपला विद्यार्थी इथल्या विद्यापीठात नेहमीची फी भरतो आणि एक सत्र तिथे शिकतो. बदल्यात तिथला विद्यार्थी आपल्या विद्यापीठात फी भरून इथे येऊन शिकतो. म्हणजे परदेशातली ती जागा कुणी दान दिलेली नाही. इथल्या वर्गातला एक बाक आणि इथल्या प्राध्यापकाची शिकवणी देऊन ती मिळवलेली आहे. विद्यापीठ सरकारी असेल तर तो बाक आणि तो पगार जनतेच्या पैशाचा आहे. उसाच्या फडात राबणाऱ्या आणि नाल्यात उतरणाऱ्या माणसानेही काडेपेटीपासून चपलेपर्यंत प्रत्येक वस्तूवर कर भरून त्यात आपला वाटा टाकला आहे. मग प्रवेशाला आरक्षण लागते, तर एक्स्चेंजच्या जागेला का लागू नये?

यावर उत्तर ठरलेले असते: 'हा प्रवेश नाही, ही निवड आहे.' शब्द बदलला की संविधान लागू होत नाही, अशी यांची समजूत दिसते. कलम १५(४) मागास वर्गांच्या शैक्षणिक उन्नतीसाठी विशेष तरतूद करण्याचा अधिकार राज्याला देते. कलम ४६ अनुसूचित जाती-जमातींचे शैक्षणिक हित विशेष काळजीने जपायला सांगते. त्यात कुठेही 'परदेशातले सत्र वगळून' असे लिहिलेले नाही.

आता पैशाचा हिशेब करू. तिथली फी माफ झाली तरी विमानाचे तिकीट, व्हिसा, विमा, खोलीचे भाडे आणि जेवण उरतेच. जर्मनीचे उदाहरण घ्या. शिष्यवृत्ती किंवा हमीदार नसेल तर व्हिसासाठी 'ब्लॉक्ड अकाउंट'मध्ये आधीच पैसे भरून दाखवावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासून हा आकडा महिन्याला ९९२ युरो आहे. सहा महिन्यांचे झाले ५,९५२ युरो, म्हणजे पाच लाख रुपयांच्या वर. आता दुसरा आकडा बघा. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती हवी असेल तर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असावे लागते. ज्या घरात वर्षभरात अडीच लाख येत नाहीत, त्या घराने मुलीच्या एका सत्रासाठी त्याच्या दुपटीहून जास्त रक्कम एकरकमी खात्यात ठेवायची! सूचनेत जातीचा उल्लेख करायची गरजच उरत नाही. बँकेचे पासबुक ते काम परस्पर करते.

काही जण म्हणतील, 'सरकारच्या परदेशी शिष्यवृत्त्या आहेत की!' आहेत. केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीत अख्ख्या देशासाठी वर्षाला १२५ जागा आहेत. महाराष्ट्राच्या राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्तीत अनुसूचित जातीच्या ७५ विद्यार्थ्यांची सोय आहे. या योजना लढून टिकवायच्याच आहेत. पण त्या पदव्युत्तर पदवी किंवा पीएचडी पूर्ण परदेशात करणाऱ्यांसाठी आहेत. बी.ए., बी.एस्सी., इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असलेल्या आणि एका सत्रासाठी जाऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याला त्यांचा काडीचा उपयोग नाही.

शिवाय या योजनांतून तुम्ही काय शिकायचे यावरही सरकारचा डोळा असतो. २०२२ साली केंद्राने आपल्या योजनेत नियम घातला की भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास या विषयांना शिष्यवृत्ती नाही. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये बाबासाहेबांनी भारतातील जातींवर निबंध वाचला होता. हा नियम तेव्हा असता तर तो विषय शिष्यवृत्तीला अपात्र ठरला असता. जातीच्या उगमाची चिकित्सा परदेशात बसून आमच्या पोरांनी करू नये, हाच त्या नियमाचा अर्थ होतो.

बाबासाहेबांचेच उदाहरण पुढे नेऊ, कारण 'जिद्द असेल तर पैसा आडवा येत नाही' असे सांगताना त्यांचेच नाव वापरले जाते. २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार रामजी गेले. त्याच वर्षी जुलैमध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले. त्यांच्याकडे व्हिसासाठी बँकेतली शिल्लक मागितली असती तर त्यांनी कुणाचे खाते दाखवले असते? सयाजीराव महाराजांच्या बडोदा संस्थानाने दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली, म्हणून ते जाऊ शकले. १९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. पुढे सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून पैसा साठवला, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेनांचे कर्ज घेतले, तेव्हा १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. जगातला एवढा मोठा विद्वान पैशाअभावी तीन वर्षे अडला. जिद्द तीच होती, बुद्धी तीच होती. त्यांचे नाव घेऊन आमच्या पोरांना जिद्दीचे प्रवचन देणाऱ्यांनी हा इतिहास आधी वाचावा.

मग येते ती लाडकी 'गुणवत्ता'. मुलाखतीत 'कॉन्फिडन्स' बघतात, 'एक्स्पोजर' बघतात. ज्याच्या घरात दोन पिढ्या इंग्रजी बोलली जाते, ज्याचा मामा न्यू जर्सीत आहे, त्याचा कॉन्फिडन्स दिसणारच. पण एक्स्चेंजचा हेतूच जर जग न पाहिलेल्याला जग दाखवणे हा असेल, तर आधीच जग पाहिलेल्याला पुन्हा पाठवण्यात कसली गुणवत्ता? तहानलेल्याला बाजूला सारून भरलेल्या रांजणात पाणी ओतण्याचा हा प्रकार आहे.

आणि हा प्रश्न आता चार-दोन हौशी पोरांचा राहिलेला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार ट्विनिंग अभ्यासक्रमात विद्यार्थ्याला ३० टक्क्यांपर्यंत क्रेडिट परदेशी विद्यापीठातून घेता येतात. म्हणजे परदेशातले सत्र हळूहळू पदवीचाच भाग होणार. एकाच वर्गात, एकाच पदवीसाठी शिकणाऱ्यांत दोन वर्ण तयार होतील: परदेशाचा शिक्का असलेले आणि नसलेले. उद्या नोकरीच्या मुलाखतीत पुन्हा तोच शिक्का 'गुणवत्ता' म्हणून मोजला जाईल.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत.

१. सरकारी आणि अनुदानित संस्थांच्या प्रत्येक एक्स्चेंज करारातल्या जागांना प्रवेशाचेच आरक्षण लागू करा. जागा दोन-चारच असतील तर वर्षानुवर्षांची बिंदुनामावली ठेवा.

२. समाजकल्याण विभागाने एका सत्रासाठी वेगळी शिष्यवृत्ती सुरू करावी. प्रवास, व्हिसा, विमा आणि राहण्याचा खर्च जाण्याआधी द्या. 'आधी खर्च करा, मग बिले जोडा' हा प्रकार आमच्यासाठी दार बंद करण्यासारखाच आहे.

३. व्हिसासाठी खात्यातल्या शिल्लकेऐवजी दाखवता येईल असे शिष्यवृत्तीचे हमीपत्र वेळेत द्या.

४. पासपोर्ट, परकीय भाषा आणि अर्ज लिहिण्याचे मार्गदर्शन सामाजिक न्याय विभागाच्या वसतिगृहांत पहिल्या वर्षापासून द्या. सूचना मराठीतही काढा.

५. गेल्या पाच वर्षांत कोण गेले, याची प्रवर्गनिहाय संख्या जाहीर करा.

पाचव्या मागणीसाठी कुणाच्या कृपेची वाट बघायची गरज नाही. दहा रुपयांचे शुल्क भरून माहिती अधिकाराचा अर्ज करा. तीन प्रश्न विचारा: किती करार झाले, किती विद्यार्थी गेले, त्यांत अनुसूचित जाती, जमाती, भटके-विमुक्त आणि ओबीसी किती. तीस दिवसांत उत्तर देणे त्यांना बंधनकारक आहे. 'प्रवर्गनिहाय नोंद ठेवलेली नाही' असे उत्तर आले, तर तो कागद जपून ठेवा. ज्यांनी आमची नोंदच ठेवली नाही, त्यांनी आमचा विचार केला नाही, याचा तो त्यांच्याच सहीचा पुरावा असेल. तो घेऊन सिनेट सदस्याकडे जा, समाजकल्याण आयुक्तांकडे जा, मोर्चा काढा.

परदेशातले सत्र ही श्रीमंतांच्या पोरांची सहल नाही. त्याची किंमत आमच्या आई-बापांनीही मोजली आहे. आपण भीक मागत नाही, आपला हिस्सा मागतो आहोत.

जयभीम! जय संविधान!