थंडीचे श्राद्ध घालणाऱ्यांस

मार्गशीर्ष सरत आला की सुरतेतील आपल्या मराठी घरांतून एक विलाप सुरू होतो आणि तो रथसप्तमीपर्यंत थांबत नाही. ‘यंदा थंडी पडलीच नाही!’ हळदीकुंकवास जमलेल्या भगिनी तिळगूळ देताघेता हेच बोलतात, पहाटे फिरावयास निघालेले निवृत्त गृहस्थ कानटोपी खिशात घालून हेच बोलतात, आणि आपल्या मंडळाच्या बैठकीत वक्त्याचे आभार मानून झाले की चहाबरोबर निघणारा पहिला विषयही हाच असतो. मग कोणी आजीच्या गोधडीची आठवण काढतो, कोणी ओटल्यावर पेटणाऱ्या शेगडीची, कोणी डिंकाच्या लाडवांची. शेवटी सर्वजण एक सुस्कारा टाकतात आणि पंख्याचे बटन दाबतात.

या सुस्काऱ्याविरुद्ध आम्हांस आज चार शब्द लिहावयाचे आहेत. ते काहींना कडू लागतील. परंतु ज्यांना आम्ही ते ऐकवीत आहोत त्यांत आम्ही स्वतःही आहोत, हे आरंभीच सांगून ठेवतो.

गेल्या काही वर्षांत या विलापास एक खर्चिक अंग फुटले आहे. सुरतेत थंडी मिळत नाही म्हणून नाताळच्या सुट्टीत गुलमर्ग किंवा मनाली गाठावयाची, भाड्याचे बूट आणि कोट चढवावयाचे आणि बर्फात छायाचित्रे काढून घ्यावयाची. पण बर्फच पडले नाही तर? २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गची कुरणे उघडी आणि तपकिरी होती. २०२५ च्या फेब्रुवारीत तेथील ‘खेलो इंडिया’च्या हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी पुढे ढकलून मार्चमध्ये घ्याव्या लागल्या. अशाच एका कोरड्या हंगामात परतलेल्या आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनी प्रवासाचे सार एका वाक्यात सांगितले : ‘पैसे पाण्यात गेले, आणि पाणीही गोठलेले नव्हते!’ आम्ही सारे हसलो. घरी आल्यावर मात्र त्या हसण्याची लाज वाटली.

कारण काश्मीरच्या माणसाला बर्फ हा देखावा नव्हे. २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना ते ‘चिल्ले कलान’ म्हणतात. त्या कडाक्यात पडलेले बर्फ टिकते, घट्ट होते आणि उन्हाळ्यात हळूहळू वितळून झरे, ओढे आणि भातखाचरे यांना पाणी पुरविते. तेच बर्फ उशिरा, फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चमध्ये पडले तर ते लवकर वितळून वाहून जाते. सफरचंदाच्या झाडालाही हिवाळ्यात ठराविक काळ थंडी मिळावी लागते, नाहीतर फुलोरा बिघडतो. म्हणजे आमच्या गृहस्थांची एक सुट्टी वाया गेली, आणि ज्याने त्यांना घोड्यावरून फिरविले त्याचे वर्ष. विलाप मात्र सुट्टीवाल्याचाच कानी पडतो.

येथे काकासाहेब कालेलकरांची आठवण होणे अपरिहार्य आहे. साताऱ्यात जन्मलेला हा मराठी माणूस गुजरातीत असा रुजला की गांधीजींनी त्यांना ‘सवाई गुजराती’ म्हटले. आपणां सुरतकर मराठ्यांना तर ते घरचेच. १९१२ साली ते हिमालयात पायी हिंडले आणि पुढे ‘हिमालयनो प्रवास’ लिहिला. हिमालयाने आपल्याला काय दाखवावयास हवे होते याचा हिशेब त्यांनी मांडला नाही. जे होते ते पाहिले. ती दृष्टी आपण कोठे गमावली?

कोणी म्हणेल, गुलमर्गच्या बर्फाचा सुरतेच्या थंडीशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ हिवाळ्यात हिमालयावर बर्फ टाकतात. ते पुढे सरकले की त्यांच्या मागून उत्तरेचे कोरडे, गार वारे राजस्थानावरून गुजरातेत उतरतात. आपण ज्याला ‘थंडीची लाट’ म्हणतो ती बहुधा अशी येते. विक्षोभ दुबळे पडले किंवा उशिरा आले तर तिकडे कुरणे उघडी राहतात आणि इकडे आपल्या गोधड्या पेटीत राहतात. अर्थात समुद्र इतका जवळ असल्यामुळे सुरतेची थंडी मुळातच बेताची. जानेवारीच्या रात्री पारा साधारण १४-१५ अंशांवर येतो, त्याखाली क्वचित. एवढ्या बेताच्या थंडीतले दोन-तीन अंश गेले की जवळजवळ सर्वच गेले असे वाटते, ते खोटे नाही.

तेव्हा थंडी कमी झाल्याची तक्रार निराधार आहे असे आमचे म्हणणे नाही. हवामान खात्याच्या १९०१ पासूनच्या नोंदींत २०२४ हे देशातील सर्वांत उष्ण वर्ष ठरले. कमाल तापमानाच्या सरासरीने २०२३ चा फेब्रुवारी हा तोवरचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी होता. आमचा आक्षेप तक्रारीवर नाही, तिच्या जातीवर आहे. ही तक्रार श्राद्धाच्या जातीची आहे. श्राद्धात गेलेल्याची आठवण निघते, गोडधोड होते आणि कोणावर कसलीही जबाबदारी येत नाही.

पोंकाचेच उदाहरण घ्या. आपल्या खानदेशी आणि देशावरच्या पाहुण्यांना आपण मोठ्या अभिमानाने सांगतो की तुमचा हुरडा तो आमचा पोंक. ज्वारीची कोवळी कणसे निखाऱ्यांत भाजावी, झोडून आणि पाखडून हिरवे दाणे मोकळे करावे आणि लिंबू-मिऱ्याच्या शेवेबरोबर खावे. तापीच्या काठी अडाजणच्या बाजूला पोंकाच्या भट्ट्या लागल्या की हिवाळा आला असे सुरत मानते. थंडी लांबली की पोंकही लांबतो, आणि उकाडा लवकर आला की दाणा लवकर जून होतो. मग आपण म्हणतो, ‘थंडी नाही म्हणून पोंकात गोडवा नाही.’ हे अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे असे की ज्या शेतांत ज्वारी डोलत असे त्या शेतांवर आज आपली बिऱ्हाडे आहेत. कोटाच्या आतली जुनी घरे सोडून आपल्यापैकी कितीतरी कुटुंबे नदीपलीकडच्या सदनिकांत गेली. आम्हीही गेलो. गच्चीवर उभे राहून जेथे पूर्वी पोंकाची शेते होती ती दिशा आम्ही नातवंडांना बोटाने दाखवितो. तेव्हा आपण कशावर उभे आहोत हे मात्र सांगावयाचे राहून जाते.

सिमेंट आणि डांबर दिवसा ऊन पितात आणि रात्री ते परत सोडतात. माती, झाडे आणि पिके असलेली जमीन सूर्यास्तानंतर लवकर निवते. म्हणून शहरातील रात्र सभोवतालच्या खेड्यातील रात्रीपेक्षा उबदार असते. लहानपणी ओटल्यावर जी हुडहुडी भरत असे तिच्यात उत्तरेच्या वाऱ्याचा वाटा होता, तसाच अर्ध्या कोसावर असलेल्या ओल्या शेताचाही होता. पहिला वाटा जगाच्या धुरामुळे घटतो आहे, आणि त्यापुढे आपण एकटे हतबल आहोत हे मान्य. दुसरा वाटा मात्र आपण दस्तऐवजावर सही करून विकला आहे. जे स्वतः विकले त्याला चोरीस गेले म्हणणे शोभत नाही.

आणखी एक गोष्ट. थंडी ही सर्वांची सारखी प्रिय होती, हे आपल्या स्मरणरंजनाचे सर्वांत मोठे असत्य आहे. ज्याच्या अंगावर दोन गोधड्या आणि पोटात मेथीचा लाडू, त्याला थंडी गुलाबी. यंत्रमागाची रात्रपाळी संपवून पहाटे कुडकुडत खोलीवर परतणाऱ्याला, बांधकामावर उघड्यात निजणाऱ्याला ती कधीच गुलाबी नव्हती. त्यांच्यासाठी सौम्य हिवाळा ही क्षणभर दयाच. पण ती दया फार महाग पडते, कारण सौम्य हिवाळ्याच्या पाठोपाठ लवकर आलेला उन्हाळा उभा असतो. तो प्रथम कोणाच्या दारी येतो? लिंबायत, उधना, पांडेसरा येथील पत्र्याच्या छपराखाली राहणाऱ्यांच्या. त्यांतील हजारो घरांत मराठीच बोलली जाते. खानदेशातून तापी खोऱ्याच्या रेल्वेने आलेली ती माणसे आपलीच आहेत, जरी आपण जुनी घराणी त्यांना हळदीकुंकवास बोलावीत नसलो तरी. आपण फेब्रुवारीत ‘थंडी गेली हो’ म्हणून हळहळतो तेव्हा त्यांच्या छपराखाली दुपार तापू लागलेली असते. त्या दुपारीविषयी आपल्या मंडळात कोणी निबंध वाचल्याचे आम्हांस स्मरत नाही. गुलाबी थंडीवर मात्र दर वर्षी दोन कविता येतात.

शेतकऱ्याचेही तसेच. आंब्याच्या मोहोरासाठी रात्रीचा गारवा लागतो. तो मिळाला नाही तर मोहोर उशिरा, तुरळक किंवा टप्प्याटप्प्याने येतो. गणदेवी-वलसाडकडच्या बागाइतदाराला हिवाळ्याची चिंता असते ती लाडवांसाठी नव्हे. गव्हाचा दाणा भरत असताना उष्मा आला तर तो चिरमटतो. २०२२ चा मार्च हा देशातील तोवरचा सर्वांत उष्ण मार्च ठरला. गव्हाला त्याचा फटका बसला आणि मे महिन्यात सरकारने गव्हाची निर्यात थांबविली. हिवाळा हा असा ताटापर्यंत येणारा व्यवहार आहे. त्याला केवळ हळव्या आठवणींचा विषय करणे हे साहित्याचे काम आहे, असे आम्ही मानीत नाही.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, साहित्यमंडळाने रसाचे बोलावे, हवामानाचे खात्याने पाहावे. यास दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ हेच उत्तर आहे. १९५६ साली आलेल्या त्या पुस्तकात बारा महिने आहेत आणि प्रत्येक महिन्यात डोळे उघडे ठेवून पाहिलेली झाडे, फुले आणि आकाश आहे. रस तेथे भरपूर आहे, परंतु तो निरीक्षणातून पाझरलेला आहे. आपण रस ठेवला आणि निरीक्षण टाकले.

दुसरा आक्षेप हतबलतेचा : ‘आपल्या हातात काय आहे?’ सुरतेच्या माणसाने तरी असे म्हणू नये. १९९४ च्या सप्टेंबरात प्लेगने हे शहर रिकामे केले होते. तोवर आपण घाणीलाही हवामानच समजत होतो. ती असायचीच, तिला कोण काय करणार! पुढच्या दोन वर्षांत त्याच शहराने झाडू हाती घेतला आणि देशात नाव मिळविले. २००६ च्या ऑगस्टात उकाईचे पाणी घराघरांत शिरले तेव्हा पूर ही केवळ पावसाची करणी नसते, धरणातून पाणी केव्हा आणि किती सोडले याचाही तो प्रश्न असतो, हे आपण शिकलो. शेजारच्या अहमदाबादने २०१० च्या प्राणघातक उष्णतेनंतर २०१३ मध्ये उष्म्याशी सामना करण्याची योजना आखली. दैव म्हणून सोडलेली गोष्ट सार्वजनिक जबाबदारी मानली की तीत बदल होतो, हे गुजरातेतील शहरांनीच दाखविले आहे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. जपानमध्ये क्योतोच्या चेरीचा बहर कोणत्या दिवशी आला याच्या नोंदी नवव्या शतकापासून सापडतात. त्या दरबारी लोकांनी आणि भिक्षूंनी आपल्या रोजनिशांत सहज लिहून ठेवल्या होत्या. २०२१ साली तो बहर २६ मार्चला आला आणि बाराशे वर्षांतील सर्वांत लवकरचा ठरला. हे कळले ते त्या रोजनिशांमुळे. आपल्या घराण्यांतही वह्या आहेत. आजोबांच्या किरकोळ खर्चाच्या वहीत पहिला पोंक केव्हा आणला, पहिली आंब्याची करंडी केव्हा आली, गोधड्या कधी धुवून ठेवल्या, हे तारखेसह मिळण्याचा संभव आहे. त्या वह्या माळ्यावर वाळवीला देण्यापेक्षा मंडळाकडे द्याव्यात आणि मंडळाने त्या नोंदी एकत्र कराव्यात. त्यातून आपला विलाप खरा ठरेल किंवा खोटा. काहीही ठरले तरी लाभच आहे.

दुसरे, आपल्यापैकी जे आपापल्या वसाहतींचे पदाधिकारी आहेत त्यांनी वाहनतळासाठी झाड तोडण्याच्या ठरावावर सही करण्यापूर्वी आपल्याच संक्रांतीच्या सुस्काऱ्याची आठवण ठेवावी. गच्चीला पांढरा चुना देणे फार महाग नाही. आणि तिसरे, पुढील चैत्रातील बैठक आपल्या नेहमीच्या सभागृहात न घेता लिंबायतेत, एखाद्या पत्र्याच्या छपराखाली, दुपारी घ्यावी. विषय ‘हिवाळा’ हाच ठेवावा. तेथील यजमान बोलतील आणि आपण ऐकू.

एवढे करूनही उत्तरेचा वारा आपल्या आज्ञेने येणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु पुढच्या संक्रांतीस कोणी ‘यंदा थंडी पडलीच नाही’ म्हणाले तर त्यास आपण निदान एवढे तरी विचारू शकू : ‘वहीत काय लिहिले आहे? आणि तुमच्या अंगणातले झाड अजून उभे आहे ना?’